चिखलात रुतलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी: लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची वेळ

मृग नक्षत्र लागले की मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यांवर दरवर्षी हाच प्रश्न उभा राहतो. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असते, टायर बरे असतात, चालवणाराही नवखा नसतो, आणि तरीही गाडी अशी रुतते की दरवाजा उघडताना खालची कड चिखल खरवडत जाते. अशा गाड्या काढायला मला गेली बरीच वर्षे बोलावणे येत आहे. या सगळ्या कामांतून एक गोष्ट मला ठामपणे सांगावीशी वाटते. रुतलेल्या गाडीला बहुतेक वेळा जोर कमी पडत नाही. तिच्या वाटेत आडवे आलेले काहीतरी आधी काढावे लागते. त्यामुळे दोर बांधण्याआधी फावडे हातात घ्यावे, आणि फावडे घेण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी. पुढचा क्रमही असाच, बिनखर्चाच्या उपायांपासून महागड्या उपायांपर्यंत लावला आहे.

आधी लक्षणे ओळखा

गाडी कशी अडकली आहे हे चाकांच्या आणि इंजिनाच्या वागण्यावरून कळते.

इंजिनाचा आवाज चढतो, स्पीडोमीटरचा काटा वीस-तीस दाखवतो, पण गाडी जागची हलत नाही आणि दोनच चाके फिरताना दिसतात. बहुधा ती कर्णात असतात, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे किंवा याच्या उलट. हे पकड सुटल्याचे लक्षण आहे आणि सर्वांत सोपे तेच आहे.

चारही चाके हलकेच, जवळजवळ विनाअडथळा फिरत असतील आणि गाडी तसूभरही सरकत नसेल, तर ती पोटावर बसली आहे. गाडीचे वजन चाकांवरून उतरून चॅसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि ऍक्सल (समोरासमोरच्या दोन चाकांमधला आस) यांवर आलेले असते, म्हणून चाकांना पकड घ्यायला वजनच उरत नाही. अशा वेळी ऍक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी आणखी खालीच जाते.

चाके फिरतच नाहीत, गाडी दबून कण्हते आणि क्लच सोडताच इंजिन बंद पडते, तेव्हा चाकांसमोर किंवा ऍक्सलसमोर चिखलाचा बांध साचलेला असतो, नाहीतर मडगार्डच्या आत माती ठासून भरलेली असते.

गाडी एका बाजूला कलली आहे आणि जोर दिला की आणखी कलते, हे चौथे लक्षण. ते दिसल्यास खालच्या बहुतेक तपासण्या सोडून थेट थांबण्याच्या भागाकडे जावे.

पहिली तपासणी: थांबा आणि उतरून पाहा

चाक एकदा जागेवर फिरले की ते चिखल मागे फेकत स्वतःसाठी खड्डा खणते. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत ऍक्सिलरेटर सोडला, तर चिखल हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागाच्या, खालीच राहतो. हट्टाने दाबत राहिले, तर मिनिटभरात ती पोटावर बसते. पुढे दोन तास राबावे लागेल की दहा मिनिटांत सुटका होईल, हे बहुधा याच क्षणी ठरते.

उतरल्यावर सर्वांत आधी सायलेन्सरचे तोंड पाहावे. ते चिखलात किंवा पाण्यात गेले असेल आणि इंजिन चालू असेल, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. या वायूला वास नसतो आणि काचा बंद करून पावसात बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तोंड मोकळे होईपर्यंत इंजिन बंद ठेवावे आणि आत कोणीही बसू नये. त्यानंतर सर्व माणसे व सामान खाली उतरवावे. चार माणसे आणि खताच्या दोन गोण्या म्हणजे तीन-चारशे किलो वजन होते, आणि ते उतरवायला काही लागत नाही.

दुसरी तपासणी: फोर-व्हील खरोखर लागले आहे का?

हा प्रश्न विचारला की अनेकांना राग येतो. तरीही मी तो प्रत्येक वेळी विचारतो, कारण दिवा लागलेला असूनही पुढची चाके स्तब्ध असल्याचे मी वारंवार पाहिले आहे. एका माणसाला गाडीच्या बाजूला चार-पाच पावले दूर, चाकांच्या रेषेबाहेर उभे करावे आणि क्लच हलकेच सोडून पुढचे एकतरी चाक फिरते का ते पाहायला सांगावे. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत असेल, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ जोडणी अर्धवट आहे असा होतो. फोर-लो, म्हणजे फोर-व्हीलचा कमी वेगाचा, जास्त जोराचा टप्पा, लावताना गाडी उभी किंवा अगदी मंद हवी आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा. तरीही दाते बसत नसतील, तर गिअर पुढे-मागे करून गाडी वीतभर हलली की ते बसतात. हाताने फिरवायचे लॉकिंग हब असलेल्या जुन्या गाड्यांत दोन्ही हब लॉक स्थितीत फिरवलेले आहेत की नाहीत, हे चिखल पुसून डोळ्यांनी पाहावे.

फोर-लोमध्ये चाकाला मिळणारा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि वेग तितकाच कमी होतो. चिखलात उपयोग या कमी वेगाचाच अधिक असतो, कारण हळू फिरणारे चाक पकड शोधते, तर वेगाने फिरणारे चाक ती उखडून टाकते.

तिसरी तपासणी: ट्रॅक्शन कंट्रोल आणि डिफरन्शिअल

डिफरन्शिअल म्हणजे ऍक्सलवरच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी दातेरी चाकांची पेटी. साधा डिफरन्शिअल ज्या चाकाला अडथळा कमी असेल त्या चाकाला फिरू देतो. म्हणून एक चाक हवेत किंवा पातळ गाळात असले, की त्याच ऍक्सलवरचे कडक जमिनीवरचे चाक नुसते उभे राहते. कर्णातली दोन चाके फिरण्यामागचे कारण हेच आहे. गुरखासारख्या गाडीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही डिफरन्शिअल लॉक चालकाला हाताने लावता येतात. ते चाके थांबलेली असतानाच लावावेत आणि कडक जमिनीवर येताच सोडवावेत. ज्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते, तिथे ऍक्सिलरेटर पंपासारखा मारण्याऐवजी एकसारखा, मध्यम दाबून दोन-तीन सेकंद धरावा, म्हणजे यंत्रणेला काम करायला वेळ मिळतो. मात्र इंजिनाचाच जोर तोडणारा स्टॅबिलिटी कंट्रोल बटणाने बंद करावा, नाहीतर नेमक्या गरजेच्या क्षणी इंजिन मंदावते. यांपैकी काहीच नसेल, तर हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून पाहावा. मोकळ्या फिरणाऱ्या मागच्या चाकाला थोडा अडथळा झाला, की काही जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो.

चौथी तपासणी: पुढची चाके सरळ आहेत का, आणि बाहेर कोणत्या दिशेने पडायचे?

घळीत, म्हणजे चाकांनी पाडलेल्या खोल चाकोरीत, रुतलेल्या गाडीचे स्टिअरिंग वळलेले राहिले, तरी चालकाला ते जाणवत नाही. वळलेली चाके घळीच्या भिंतीत घुसून नांगरासारखी रोखून धरतात. खाली उतरून चाके पाहावीत, सरळ करावीत आणि शक्य तिथे रिव्हर्समध्ये, म्हणजे आलो त्याच वाटेने बाहेर पडावे. मागची घळ गाडीच्या वजनाने दाबली गेलेली असते आणि तिथपर्यंत जमीन गाडी पेलते हे सिद्ध झालेले असते. पुढच्या दहा फुटांबद्दल तसे काहीच सांगता येत नाही. रिव्हर्समध्ये किंवा फोर-लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये हलका जोर देत स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवले, तर टायरच्या कडेचे दात नवी माती पकडतात. तीन-चार प्रयत्नांत गाडी हातभरही सरकली नाही, तर हा उपाय संपला असे समजावे.

पाचवी तपासणी: टायरमधील हवा

हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक कमी खचते. एरवी 30-32 पीएसआय असलेली हवा 18 ते 20 पर्यंत आणल्यास खोल गाळात फरक लगेच जाणवतो. साध्या रिमवर 15 च्या खाली जाऊ नये, कारण टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. जवळ हवा भरायचा पंप नसेल तर हा उपाय विचारपूर्वकच करावा. कमी हवेवर डांबरी रस्त्याने वेगात गेल्यास टायरच्या बाजूच्या भिंती तापून फाटतात.

इथे मातीचा प्रकार पाहावा लागतो. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत ठासून बसते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. तिच्याखाली कडक थर हाताला लागेलच असे नाही, म्हणून तिथे हवा कमी करण्याचा फायदा मोठा असतो. कोकणातल्या भातखाचरांत मात्र वर्षानुवर्षांच्या चिखलणीमुळे वीत-दीड वीत खाली एक घट्ट थर तयार झालेला असतो, आणि जांभ्याच्या वाटांवरही वरचा लाल चिखल निसरडा असला तरी तळ बहुधा टणक असतो. तिथे टायरने वरचा थर कापून तळ गाठलेला बरा असतो, म्हणून हवा फार उतरवू नये. एखादी काठी किंवा पहार चिखलात रोवून पाहिली, की तळ किती खोल आहे ते लगेच कळते.

सहावी तपासणी: खणा

हे काम टाळण्याकडेच सर्वांचा कल असतो, आणि सर्वाधिक गाड्या सुटतात त्या याच कामाने. खोल रुतलेली गाडी ओढायला किती जोर लागतो, याचा लष्करी रिकव्हरीत वापरला जाणारा एक जुना ठोकताळा आहे. चिखल चाकांपर्यंत असेल तर चिखलाचा अडसर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत असेल तर वजनाच्या दुप्पट आणि त्याहून वर आला तर तिप्पट धरतात. माणसांसह दोन टनांची गाडी मडगार्डपर्यंत रुतली, तर चार टनांचा अडसर झाला. अर्धा तास खणून तीच गाडी चाकांच्या पातळीवर आणली, की निम्मा अडसर कमी होतो, आणि तेवढाच ताण दोर, हुक आणि चॅसिस यांच्यावरूनही उतरतो.

खणायचे कुठे, यालाही क्रम आहे. ज्या दिशेने बाहेर पडायचे त्या दिशेला चाकासमोरची माती उतार देऊन काढावी. उभी भिंत राहू देऊ नये. मग वाकून ऍक्सलकडे पाहावे. जिम्नी किंवा थारसारख्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 210 ते 226 मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि डिफरन्शिअलचा फुगवटा ऍक्सलवर सर्वांत खाली लोंबत असतो. गाडी सरकू लागताच हा फुगवटा समोरचा चिखल गोळा करत जातो आणि तो बांध उंबऱ्यासारखा आडवा उभा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला चारही चाके मोकळी दिसतात आणि गाडी का हलत नाही ते समजत नाही. फावड्याचे पाते आडवे धरून हा बांध बाजूने ओढून काढावा लागतो. पाते लोखंडाला लागल्याचा टणक आवाज आला, की ऍक्सल मोकळा होऊ लागला असे समजावे. गाडी खचू शकते, म्हणून डोके किंवा धड कधीही गाडीखाली घालू नये; लांब दांड्याचे फावडे याचसाठी हवे.

काळी माती फावड्यालाच चिकटून बसते. जवळ पाण्याची बादली ठेवून पाते दर वेळी बुडवले, तर माती सुटते आणि काम बरेच हलके होते. चाकांभोवती पाणी साचले असेल, तर आधी एक चर काढून ते खालच्या बाजूला वाहून द्यावे. पाण्यात खणलेला खड्डा पुन्हा भरत राहतो.

सातवी तपासणी: चाकाखाली काय घालायचे?

रिकव्हरी बोर्ड, म्हणजे चाकाखाली घालायच्या दातेरी पट्ट्या, असतील तर उत्तमच. त्यांचे टोक टायरखाली पाचरीसारखे घट्ट ठोकावे आणि चाक अगदी हळू चढवावे, कारण चाक बोर्डवर जागेवर फिरले तर त्याचे दात उष्णतेने वितळतात. बोर्ड नसतील तर शेतातच पुष्कळ मिळते. पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या पेंढ्या वाटेला आडव्या अंथरल्या तर चांगली पकड देतात, मात्र त्यांची तासलेली बुडखी टायरकडे तोंड करून ठेवू नयेत. कडबा एकट्याने पुरत नाही. त्याखाली गोणपाट किंवा फळी हवी. काळ्या मातीत सुटे गोटे टाकणे बहुधा वाया जाते, कारण प्रत्येक गोटा एकेक करून खाली जातो. टणक तळ असलेल्या जागी दगड उपयोगी पडतात. गाडी सुटताना चाकाखालचे साहित्य वेगाने मागे फेकले जाते, म्हणून मागे कोणी उभे राहू नये आणि ढकलणाऱ्यांनीही चाकांच्या रेषेत थांबू नये.

गाडी पोटावर असेल, तर चाकाखाली काही घालण्यासाठी ते आधी उचलावे लागते. जॅकखाली रुंद, जाड फळी नसेल तर गाडीऐवजी जॅकच जमिनीत जातो. उंच फार्म जॅक चिखलात कलंडतो आणि त्याचा दांडा उसळून माणसाचा जबडा मोडू शकतो. ज्याने तो आधी कोरड्या जमिनीवर वापरलेला नाही, त्याने चिखलात वापरू नये.

आठवी तपासणी: दुसऱ्या गाडीने ओढणे

इथून पुढे जीव जाण्याइतका धोका आहे, म्हणून घाई नको.

दोर कुठे बांधायचा, हे दोर कोणता आहे याच्याही आधी ठरवावे. चॅसिसला बोल्टने पक्का केलेला, रिकव्हरीसाठीच दिलेला हुक हवा. टोइंग बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला, दोर कधीही अडकवू नये. झटक्याने तो तुटून गोळ्यासारखा सुटतो आणि अशा घटनांत माणसे दगावली आहेत. बंपरमध्ये फिरवून बसवायची कडी सपाट रस्त्यावर बंद गाडी सरळ ओढण्यापुरती असते, चिखलातल्या झटक्यासाठी नसते.

झटका द्यायचा असेल तर ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोरच हवा. साखळी, वायर रोप किंवा न ताणला जाणारा पट्टा यांनी फक्त संथ, एकसारखे ओढावे. ओढणारी गाडी कडक जमिनीवर आणि शक्यतो सरळ रेषेत उभी करावी, दोराला थोडी ढिलाई ठेवावी आणि पहिला प्रयत्न सौम्य करावा. दोन पट्टे जोडायचे झाले तर मध्ये लोखंडी शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी) घालू नये, कारण पट्टा तुटला तर तेच उडते. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यावी, म्हणजे ताणानंतर ती अडकून बसत नाही. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभे करावे. गावात हे सर्वांत कठीण जाते, पण लोक मागे हटल्याशिवाय गाडी चालू करू नये.

ट्रॅक्टर सहज मिळतो आणि बहुतेक जण तोच बोलावतात. दोर ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढदांड्याला, म्हणजे ड्रॉबारलाच बांधावा. वरच्या टॉप लिंकला किंवा त्याहून उंच कुठे बांधला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाऊन तो चालकावर मागे उलटू शकतो, आणि हे इतक्या लवकर घडते की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. जेसीबीच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. यंत्राचा जोर इतका असतो की गाडी अडली आहे हे चालकाला जाणवतच नाही, आणि चॅसिस वाकल्यावरच ते कळते. आधी खणून घेतलेले असेल, तरच जेसीबीने अगदी सावकाश ओढू द्यावे.

विंच, म्हणजे गाडीवर बसवलेले दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, असेल तर झटका लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. 9500 पौंडांची विंच सुमारे 4300 किलो ओढते, पण तेवढा जोर ड्रमवरच्या पहिल्या थरालाच मिळतो. वर जितके थर गुंडाळलेले राहतील तितका तो घटतो. म्हणून दोर जास्तीत जास्त सोडावा, मात्र वायर रोपचे निदान पाच वेढे ड्रमवर ठेवावेत. पुली लावून दोर दुहेरी केला तर जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि वेग निम्मा होतो. झाडाला रुंद पट्टा बांधावा. नुसता दोर सालीत घुसून झाड मारतो. ताणलेल्या दोरावर ओले गोणपाट टाकावे आणि तो ओलांडू नये.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाणी इंजिनाच्या हवेच्या वाटेपर्यंत गेले असेल किंवा गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले नसेल तर साध्या विम्यातून तो खर्च सहसा मिळत नाही. ओढ्यात किंवा नाल्यात पाणी चढत असेल तर गाडी सोडून उंच जागी जावे आणि 112 वर फोन करावा.

गाडी कललेली असून ओढल्यास उलटण्याची शक्यता असेल, खालून डिझेल किंवा तेल गळत असेल, क्लचचा जळका वास येत असेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला असेल, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या व मागच्या चाकांकडे जोर वाटणाऱ्या पेटीतून) कडकड आवाज येत असेल किंवा गाडीला भरवशाचा हुकच नसेल, तर तिथेच थांबावे. नीट खणून झाल्यावरही दोन वेळा ओढून गाडी हलली नाही, तर तिसरा, जोराचा झटका देऊ नये. खाली दगड किंवा बुंधा अडलेला असतो आणि तुटते ते आपलेच सामान. अंधारात, एकट्याने, दोराचे कोणतेही काम करू नये. विंच असलेली रिकव्हरी गाडी किंवा क्रेन बोलवताना गाडीचे वजन, चिखल कुठपर्यंत आहे आणि कडक रस्ता किती फुटांवर आहे, एवढे सांगितले तर ते योग्य सामान घेऊन येतात. आणि घाई नसेल व पावसाने उघडीप दिली असेल, तर वाफसा येईपर्यंत, म्हणजे जमीन पुरेशी सुकेपर्यंत, एक-दोन दिवस गाडी तिथेच ठेवणे हाही पूर्ण शहाणपणाचा मार्ग आहे. शेतकरी त्याआधी औतसुद्धा रानात घालत नाही.

गाडी निघाल्यानंतर

हवा पुन्हा भरावी आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर येताच पार्ट-टाइम फोर-व्हील (गरजेपुरते जोडायचे फोर-व्हील) काढून टाकावे, नाहीतर पुढची व मागची चाके एकमेकांविरुद्ध ताण घेऊन ट्रान्समिशनला इजा करतात. ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवावेत. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेली काळी माती राहिली, तर साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. अलाइनमेंटवर पैसे घालण्याआधी रिम आतून धुऊन पाहावेत. रेडिएटरच्या जाळीतला चिखल कमी दाबाच्या पाण्याने काढावा, कारण तो वाळला की पुढच्या घाटात इंजिन तापते. गरम ऍक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून ब्रीदरवाटे (हवा जा-ये करायच्या नळीवाटे) किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाऊ शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून पुढच्या व मागच्या डिफरन्शिअलचे तेल पाहून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर ते त्याच दिवशी बदलावे.